भांडं एक, मांजरं तीन: बंडूच्या वजनाचं प्रकरण

बंडू सहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. तपासणीच्या दिवशी वजन ७.२ किलो. घरच्या ताईंचं म्हणणं सरळ होतं: "डॉक्टर, हा फार सुटलाय. याला डाएट लिहून द्या." घरात आणखी दोन मांजरी. तीन वर्षांची चिंगी, ३.४ किलो, दिवसभर उड्या मारणारी. आणि बारा वर्षांची माई. माईला त्या दिवशी आणलंच नव्हतं, कारण तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. या प्रकरणाचा निम्मा भाग त्या न आणलेल्या मांजरीचाच आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

ज्या घरात एकच मांजर आहे तिथे वजन उतरवणं हा मुख्यतः हिशेबाचा आणि धीराचा मामला असतो. दोन-तीन मांजरं असली की हिशेब तोच राहतो, कागदावर दहा मिनिटांत होतो, पण तो लागू कुणाला करायचा हेच कळत नाही. सगळ्यांचं खाणं एकाच भांड्यात असेल तर कोण किती खातंय हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं. आणि हे माहीत नसणं लठ्ठ मांजरापेक्षा इतरांना जास्त महागात पडू शकतं.

आधी बंडूची तपासणी. मांजराचा लठ्ठपणा नुसत्या किलोवर ठरवत नाहीत, कारण मोठ्या हाडाच्या बोक्याचं साडेपाच किलो वजन योग्य असू शकतं आणि लहान चणीच्या मांजरीचं साडेचारही जास्त. त्यासाठी नऊ गुणांचा बॉडी कंडिशन स्कोअर वापरतात. ५ म्हणजे योग्य, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन. आपला हात पालथा धरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवली की हाडं जशी सहज लागतात, तशा मांजराच्या बरगड्या लागायला हव्यात. बंडूच्या बरगड्या जोर देऊन दाबल्याशिवाय सापडत नव्हत्या. वरून बघितलं तर कंबर नव्हतीच. शेपटीच्या मुळापाशी केसांच्या गाठी आणि कोंडा होता, कारण तिथवर त्याचं तोंड पोचत नव्हतं. मी ८ गुण दिले. (पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी पाहून पुष्कळ लोक घाबरतात. ती सडपातळ मांजरांनाही असते. बरगड्या आणि कंबर बघावी, घडी नाही.)

रक्तात साखर थोडी जास्त आली. दवाखान्यात आलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही चढते, म्हणून तेवढ्यावरून मधुमेह म्हणता येत नाही. फ्रुक्टोसामिन तपासलं, ज्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. ते नॉर्मल होतं. लठ्ठ, नसबंदी झालेले, मध्यम वयाचे बोके हा मधुमेहाचा अगदी ठरलेला गट, त्यामुळे हा रिपोर्ट पाहून मला खरोखर बरं वाटलं. वेळ हातात होती.

ताईंनी विचारलं, "नसबंदीमुळे झालंय का हे?" काही अंशी हो. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण एक चतुर्थांशाने घटते आणि भूक मात्र वाढते. म्हणून नसबंदी टाळायची नसते, त्यानंतर खाणं नव्याने मोजायचं असतं. या घरात ते कधीच मोजलं गेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोरड्या खाण्याचं एक मोठं भांडं असायचं, रिकामं दिसलं की जो कोणी जवळ असेल तो भरायचा.

मी त्या दिवशी डाएट लिहून दिलं नाही. आधी आठवडाभर फक्त मोजा, असं सांगितलं. किचनच्या वजनकाट्यावर दिवसभरात भांड्यात किती जातं ते ग्रॅममध्ये लिहायचं, कपाने नाही. एकच कप दोन माणसं भरतात तेव्हा प्रत्येक वेळी वेगळा भरतो, आणि मांजराच्या बाबतीत दहा ग्रॅमचा फरकही मोठा असतो. उत्तर आलं रोज १८० ग्रॅम. पाकिटावर १०० ग्रॅमला ४०० किलोकॅलरी लिहिलेल्या, म्हणजे ७२० किलोकॅलरी तीन मांजरांत. समान वाटणी झाली असती तर बंडू ७.२ किलोचा झाला नसता.

मग दुसरं काम दिलं. खाणं तेच, प्रमाणही तेच, फक्त तीन भांडी, तीन खोल्या, दारं बंद, वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. उरलेलं वजन करून लिहायचं. ताईंना हे फारच वाटलं. "तिघं वर्षानुवर्षं एकत्र खातात, कधी भांडत नाहीत," त्या म्हणाल्या. पण मांजर हा एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारा प्राणी आहे. एका ताटात तोंड घालून खाणं त्याच्या स्वभावात नाही, जागा एकच असेल तर ते चालवून घेतं एवढंच. भांडण दिसत नाही कारण दबलेलं मांजर भांडतच नाही. ते बाजूला होतं आणि नंतर येतं. नंतर जे उरलं असेल ते त्याचं.

आकडे आले तेव्हा बंडूबद्दलचा अंदाज बरोबर निघाला: रोज ९० ग्रॅमच्या पुढे, म्हणजे ३६० किलोकॅलरींहून जास्त. चिंगी ५५ ते ६०. माई २५ ते ३०. म्हणजे जेमतेम ११० किलोकॅलरी, पूर्ण वाढलेल्या मांजरीला फारच कमी. आणि वहीत एका ओळीत सहज लिहिलेलं होतं: "माई दाणा तोंडात घेते, मान वाकडी करते आणि टाकून देते."

त्या एका ओळीवरून मी माईला लगेच बोलावलं. वजन ३.३ किलो. जुन्या लसीकरणाच्या कार्डावर दोन वर्षांपूर्वीचं ३.९ होतं. सहाशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते तिच्या वजनाचे पंधरा टक्के होते. या वयात वजन घटलं की थायरॉइड, मूत्रपिंड आणि मधुमेह आधी बघावे लागतात. तिन्ही ठीक होते. दुखणं तोंडात होतं. खालच्या दाढांना हिरडीच्या रेषेवर खड्डे पडले होते आणि हिरडी त्यांच्यावर लालभडक चढली होती. याला टूथ रिझॉर्प्शन म्हणतात: दात मुळापासून किंवा हिरडीच्या रेषेपाशी विरघळत जातो, आतली नस उघडी पडते आणि वेदना भयंकर असते. मांजरांत हे अजिबात दुर्मीळ नाही आणि वरून दिसतं त्यापेक्षा एक्स-रेमध्ये जास्त सापडतं. माईचेही एक्स-रे काढले आणि भूल देऊन ते दात काढले.

भांडं रोज रिकामं होत होतं, म्हणून घरात सगळ्यांना वाटत होतं की तिघं व्यवस्थित जेवतायत. माई सोडत होती ते बंडू खात होता. त्याचं वाढणारं वजन आणि तिचं घटणारं वजन ही एकाच भांड्याची गोष्ट होती. अनेक मांजरं असलेल्या प्रत्येक घराला मी आता हेच सांगते की जाड मांजराला घेऊन येताना बारीक मांजरालाही घेऊन या.

हिशेब

बंडूचं योग्य वजन मी ५.२ किलो धरलं. विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज काढायचं सूत्र आहे: वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. पाच किलो दोनशेसाठी ती २४० किलोकॅलरी येते. वजन उतरवण्यासाठी याच्या साधारण ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे १९० च्या आसपास. सूत्रात आजचं वजन घालायचं नाही, योग्य वजन घालायचं. अनेक जण इथेच घसरतात आणि मग मांजर हलतच नाही.

तेच जुनं खाणं निम्मं करून भागलं नसतं का? नसतं. रोजच्या खाण्यात प्रथिनं, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल), जीवनसत्त्वं ही पूर्ण प्रमाणात खाल्लं तर पुरतील अशी घातलेली असतात. खाणं निम्मं केलं की तीही निम्मी होतात, आणि मांजर चरबीऐवजी स्नायू गमावू लागतं. मांजर पूर्ण मांसाहारी आहे, प्रथिनांत काटकसर त्याच्या शरीराला जमतच नाही. वजन उतरवण्यासाठीच्या खास खाण्यात म्हणूनच कॅलरीच्या मानाने प्रथिनं आणि बाकी पोषकं जास्त ठेवलेली असतात. बंडूसाठी ठरलं ते असं: या प्रकारचं ८५ ग्रॅमचं ओलं पाऊच दिवसातून दोन, मिळून १३५ किलोकॅलरी, आणि १७ ग्रॅम कोरडं, सुमारे ५५. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि कॅलरी बेताच्या राहतात. सतरा ग्रॅम कोरडं हातात घेतलं तर मूठही भरत नाही. ताईंनी ते काट्यावर बघितलं आणि काही क्षण बोलल्याच नाहीत.

वेग आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. बंडूसाठी ३५ ते ७० ग्रॅम. म्हणजे बाथरूममधला, शंभर शंभर ग्रॅमने पुढे सरकणारा काटा इथे बिनकामाचा. तान्ह्या बाळांचा दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणायला लावला. दर रविवारी, सकाळच्या खाण्याआधी, तिघांचं वजन. तिघांचं यावर मी अडून बसले.

जिथे खरी भीती होती

नवीन खाणं जुन्यात हळूहळू वाढवत दहा दिवसांत पूर्ण बदलायचं ठरलं होतं. मध्येच घरच्यांनी घाई केली आणि एका संध्याकाळी बंडूला फक्त नवीन खाणं ठेवलं. त्याने हुंगलं, भांड्याभोवती फरशी खरवडली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. धाकट्या मुलाचं म्हणणं होतं की भूक लागली की झक मारत खाईल. नशिबाने ताईंनी त्याच दिवशी फोन केला.

कुत्र्याच्या बाबतीत हे कदाचित चालून जातं. मांजराच्या बाबतीत, त्यातही लठ्ठ मांजराच्या बाबतीत, हा खेळ जिवावर बेतू शकतो. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे पाठवतं, आणि मांजराचं यकृत ती तेवढ्या वेगाने हाताळू शकत नाही. चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही त्याची सुरुवात होऊ शकते, आणि एकदा झालं की मांजराला स्वतःहून खावंसंच वाटत नाही. मग नळीने खाणं भरवत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. हिरड्या किंवा कानाच्या आतली कातडी पिवळसर दिसायला लागेपर्यंत थांबलं तर बराच उशीर झालेला असतो. बंडूला लगेच जुनं खाणं द्यायला सांगितलं. त्याने ते खाल्लं, आणि बदल पुन्हा पहिल्यापासून, आणखी सावकाश केला. दारावर एक कागद लागला: चोवीस तास काही न खाल्ल्यास फोन करायचा, वाट बघायची नाही.

हा कागद लठ्ठ मांजर असलेल्या प्रत्येक घरात असावा असं मला मनापासून वाटतं. वजन उतरायला वर्ष लागलं तरी काही बिघडत नाही.

आजींचा प्रश्न

पहिल्या महिन्यात वजन जेमतेम हललं. वहीतला प्रत्येक आकडा चोख होता, तरीही. शेवटी आजींनी स्वतःच सांगितलं. पहाटे पाचला बंडू त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन ओरडायचा. "अहो, सगळं घर जागं होतं. आणि इतकं केविलवाणं बघतो की मला राहवत नाही. चार दाणे देते." ते चार दाणे मोजले तर १२ ते १५ ग्रॅम भरले, आणि डबा जुन्या खाण्याचा होता. पन्नास-साठ किलोकॅलरी, त्याच्या दिवसाच्या कोट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

आजींना नको म्हणून सांगणं सोपं होतं. ते दोन दिवस टिकलं असतं, आणि मग लपवून सुरू झालं असतं. शिवाय त्या बारा वर्षं या मांजरांच्या सोबत राहत होत्या, त्यांच्या हातून खाणं काढून घेणं मला पटतही नव्हतं. म्हणून बंडूच्या सतरा ग्रॅमपैकी पाच ग्रॅम रोज रात्री एका छोट्या डबीत आजींच्या नावाने ठेवायचं ठरलं. तेवढं त्यांनी त्याला द्यायचं, पण सकाळी चहा झाल्यावर. पहाटे नाही. पहाटेच्या वेळेसाठी टायमरवर उघडणारं भांडं लावलं, ज्यात त्याच्याच वाट्याचं थोडं खाणं असे. ओरडणं आणि माणूस उठणं यांचा संबंध तुटणं महत्त्वाचं होतं. दुर्लक्ष सुरू केल्यावर ओरडणं आधी वाढतं, काही दिवस असह्य होतं, आणि त्याच वेळी एकदा जरी दिलं तर मांजर शिकतं की आणखी जोरात ओरडायचं असतं. हे मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं.

आणखी एक काम आजींना दिलं, आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरलं. माईने त्यांच्या खोलीत, दार लावून, निवांत जेवायचं आणि ते होईपर्यंत आजींनी सोबत बसायचं. दात काढल्यावर माई ओलं खाणं हळूहळू पण पूर्ण खाऊ लागली होती. तिला वीस मिनिटं पुरत नव्हती, चाळीस लागायची. आजींकडे ती चाळीस मिनिटं होती. माईचे आकडे वहीत त्यांच्याच हातचे आहेत, मोठ्या अक्षरात, रोज.

बंडू वरच्या फळीपर्यंत पोचतो

चिंगीला दिवसभर थोडं थोडं खायची सवय. मांजरांचा तो मूळ स्वभावच आहे, दिवसात दहा-वीस छोटी जेवणं. तिची सवय मोडायची गरज नव्हती, कारण तिचं वजन उत्तम होतं. तिचं भांडं उंच फळीवर ठेवलं, जिथे ती एका उडीत जाते आणि बंडूला तर स्टुलावर चढणंही जड जात होतं. हा उपाय स्वस्त आणि चांगला आहे. त्याला फक्त एक मुदत असते.

पुढचे तीन-चार महिने वजन ठरल्याप्रमाणे उतरत गेलं. मग ६.३ वर येऊन थांबलं. एक आठवडा, दोन, तीन. वजन उतरत असताना शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं, त्यामुळे मध्येच अडकणं अपेक्षित असतं, आणि अशा वेळी खाणं पाच ते दहा टक्क्यांनी कमी करतात. मी तोच बदल सुचवायला घेतला होता. पण त्याआधी तिघांच्या रविवारच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि चिंगी ३.४ वरून ३.२५ वर आलेली दिसली. दीडशे ग्रॅम. साठ किलोच्या माणसाचे अडीच किलो जावेत तसं. तिचं भांडं मात्र रोज संपत होतं.

बंडू आता हलका झाला होता. इतका हलका, की स्टुलावरून ओट्यावर आणि ओट्यावरून फळीवर जाऊ शकत होता. मुलाने मोबाइल लावून ठेवला आणि रात्री दीडचा व्हिडिओ पाठवला. ओट्यावर तो तयारीत बसतो, मागचे पाय दोनदा हलवतो, उडी मारतो आणि नीट पोचतो. मला तो व्हिडिओ फार आवडला, हे मी लपवणार नाही. काही महिन्यांपूर्वी ज्याला शेपटीपर्यंत मान वळवता येत नव्हती तो हाच बोका. त्याचं खाणं मी कमी केलं असतं तर तो उपाशी आणि चिंगी जास्त उपाशी, असं झालं असतं.

चिंगीसाठी चिप ओळखून उघडणारा फीडर घेतला. मांजराच्या कातडीखालची मायक्रोचिप किंवा पट्ट्यातला टॅग वाचून त्याचं झाकण फक्त त्याच मांजरासाठी उघडतं. महाग असतो, आणि सगळ्या घरांना लागत नाही. दारं लावून तीनदा जेवण देणं जमत असेल तर तेवढं पुरतं. बंडूने त्यातही वाट काढली. चिंगी खात असताना झाकण उघडं असतं, तेव्हा तो मागून तोंड घालायचा. मग फीडर एका खोक्यात, पाठ भिंतीला लावून ठेवला, ज्यात एकावेळी एकच मांजर मावतं. पुढच्या रविवारपासून दोघांचंही वजन आपापल्या दिशेने सरकू लागलं.

या सगळ्यात पहिल्या काही आठवड्यांत बंडू चिडचिडा झाला होता, येता-जाता चिंगीला पंजा मारायचा. कोरड्या खाण्याचा त्याचा वाटा कोड्याच्या खेळण्यात घालून दिला, ते ढकलत बसण्यात अर्धा तास जायचा. लिटर बॉक्स दोनाचे चार केले आणि वेगवेगळ्या जागी ठेवले, पाणीही दोन ठिकाणी. हळूहळू पंजे थांबले.

सध्या

साधारण अकरा महिन्यांनी बंडू ५.४ किलोवर आला. कागदावर ठरलेलं ५.२ मी सोडून दिलं. बरगड्या हाताला लागतात, वरून कंबर दिसते, मांड्यांचे स्नायू भरलेले आहेत, आणि शेपटीच्या मुळापाशी केस स्वच्छ आहेत, तो स्वतः चाटतो. आणखी दोनशे ग्रॅमसाठी त्याला आणि घराला ताणण्यात मला अर्थ वाटला नाही. खाणं दोन-दोन आठवड्यांनी थोडं वाढवत नेलं आणि २३० किलोकॅलरींवर वजन स्थिर झालं. सूत्राने त्याची नुसती विश्रांतीची गरजही यापेक्षा जास्त येते. वजन उतरवलेल्या मांजरांना पुढेही कमीच लागतं, त्यामुळे भरलेलं भांडं या घरात परत येणार नाही.

माई ३.८ किलो आहे. दर सहा महिन्यांनी तिचं रक्त, लघवी आणि तोंड तपासायचं ठरलं आहे. चिंगी ३.४ वर परत आली. वजनं आता आठवड्याऐवजी महिन्याला होतात, तिघांची, आणि कुणाचंही पाच टक्क्यांनी इकडेतिकडे झालं तर ताई मला फोन करतात.